वरोऱ्याची अलिखित कादंबरी

वर्ध्याहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या गाडीतून वरोरा स्थानकावर उतरणारा परगावचा माणूस बहुधा आनंदवनाच्या ओढीने आलेला असतो. आपल्या धर्मग्रामांतूनही तरुणांचे आणि महिलांचे गट तेथे जाऊन येतात, बाबा आमटे यांनी उभारलेली ती वसाहत पाहून भारावून परततात आणि पॅरिश हॉलमध्ये त्याविषयी बोलतात. मात्र ज्या रुळांवरून आपण तेथवर पोचतो, ते रूळ घातले गेले कोळशासाठी. त्या मार्गाचे मूळ नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. १८७१ साली सरकारने वरोऱ्यास कोळशाची खाण सुरू केली. त्याच दशकात वर्ध्यापासून लोहमार्ग आला. आणि १९०६ साली खाण बंद झाली. त्या सुमारास बल्लारपूरला नवे खोदकाम सुरू झाले आणि कोळशाचे केंद्र दक्षिणेकडे सरकले. आनंदवनाचा संसार मांडला गेला तो खाण मिटल्यावर चार दशकांहून अधिक काळ लोटल्यानंतर.

पस्तीस वर्षे म्हणजे एका माणसाचे सारे कामकरी आयुष्य. सोळाव्या वर्षी खाणीत उतरलेला मुलगा एक्कावन्नाव्या वर्षी बाहेर येईल, तेव्हा त्याच्यामागे खाणीचे दार बंद झालेले असेल. असा कोणी मुलगा वरोऱ्यास नक्कीच असणार. तो कोणत्या गावाहून आला, कोणती भाषा बोलला, खाण मिटल्यावर कोठे गेला, हे मराठी साहित्यास विचारून पाहावे. उत्तर मिळत नाही. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या चांदा जिल्ह्याच्या गॅझेटियरसारखे सरकारी ग्रंथ खाणीची नोंद ठेवतात. गॅझेटियरला टनांचा आणि रुपयांचा हिशेब ठाऊक असतो. माणसांचा हिशेब ठेवणे हे साहित्याचे काम, आणि ते येथे झाले नाही.

एक योगायोग मला या संदर्भात सारखा आठवतो. १८८५ साली, वरोऱ्याची खाण भरात असताना, हरिभाऊ आपटे यांची ‘मधली स्थिती’ वाचकांसमोर येऊ लागली. मराठी सामाजिक कादंबरीचा तो आरंभ. त्याच वर्षी पॅरिसमध्ये एमिल झोलाची ‘जर्मिनल’ पुस्तकरूपाने आली. एका कादंबरीने पुण्याच्या पांढरपेशा घरात डोकावले, दुसरी सरळ भूगर्भात उतरली. हरिभाऊंना दोष देण्याचा येथे हेतू नाही. लेखक आपल्या अंगणापासूनच सुरुवात करतो. पण पुढील सव्वाशे-दीडशे वर्षांत आपले अंगण चांद्यापर्यंत का पोचले नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

चांद्याचे जंगल मराठीत आले. त्याचे श्रेय मोठे आहे. विदर्भातील अरण्यांवर मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर लिहिले. हेमलकशाहून विलास मनोहरांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ लिहिली आणि डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ने भामरागड घराघरांत नेला. वाघ आला, माडिया आला, कार्यकर्ता आला. कोळसा आला नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात दोनदा भरले: १९७९ साली वामन चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१२ साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली. दोन्ही वेळी साहित्यिकांच्या मंडपाखालच्या जिल्ह्यात पाळ्या बदलत होत्या, भोंगे वाजत होते. कोळशाच्या गावाची मोठी मराठी कादंबरी मात्र माझ्या वाचनात आजवर आलेली नाही.

यात समीक्षेचाही वाटा आहे. आपण साहित्याची खानेसुमारी फार लवकर उरकली. ग्रामीण, दलित, आदिवासी, महानगरी, असे रकाने आखले आणि आलेली प्रत्येक वही त्यांपैकी एकात बसवली. कॉलरीचे गाव यांपैकी कशातच बसत नाही. ते खेडे नव्हे, कारण तेथे शेताचा बांध नाही. शहर नव्हे, कारण खाण सोडल्यास तेथे राहण्याचे कारण नाही. बल्लारपूर, माजरी, घुग्घुस, सास्ती येथल्या चाळींत तेलुगू बोलणारा, छत्तीसगढी बोलणारा, गोंडी जाणणारा आणि वऱ्हाडी वळणाची मराठी बोलणारा एकाच नळावर पाणी भरतो. तेथे खाणीला कोणी ‘खाण’ म्हणत नाही, ‘खदान’ म्हणतात. ग्रामीण कादंबरीला एक गाव आणि एक बोली लागते असे आपण ठरवून टाकले असल्याने हे मिश्रण आपल्याला साहित्याची सामग्री वाटलेच नाही. शिवाय खाणीत उतरणारा बहुधा मराठीत लिहिणारा नव्हता, आणि मराठीत लिहिणारा बहुधा हजेरीच्या खिडकीच्या अलीकडे, कार्यालयात होता.

इतर भारतीय भाषांची स्थिती अशी नाही. बंगालीत शैलजानंद मुखोपाध्याय यांनी १९२०च्या दशकातच राणीगंज परिसरातील कोळसाकुठ्यांच्या आणि संथाळ मजुरांच्या कथा लिहिल्या. (ते काझी नजरुल इस्लाम यांचे शाळूसोबती, खाणींच्या त्या मुलखातून एकाच वेळी दोन लेखक घडले.) २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशे कामगार बुडाले. आपल्याकडे त्या घटनेची आठवण ‘काला पत्थर’ या १९७९च्या हिंदी चित्रपटापुरती राहिली. पण हिंदीत संजीव यांनी १९८६ साली ‘सावधान! नीचे आग है’ ही कादंबरी लिहिली. उर्दूत झरियाच्या इलियास अहमद गद्दी यांची ‘फायर एरिया’ १९९४ साली आली आणि तिला १९९६चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. गद्दी कोळशाच्या गावचेच. संजीव यांनी कुलटीच्या पोलाद कारखान्यात रसायनज्ञ म्हणून नोकरी केली. म्हणजे हे लेखन त्या मातीला लागून असलेल्यांचे आहे, पाहुण्यांचे नव्हे.

तथापि पाहुण्यानेही खाण लिहिता येते, हे झोलाने दाखवले आहे. ‘जर्मिनल’कडे थोडे सविस्तर वळू या. झोलाचे समग्र लेखन रोमच्या निषिद्ध ग्रंथसूचीत होते आणि ती सूची १९६६ साली मोडीत निघाली, त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीच्या वाचकांना तो भेटला असल्यास चोरूनच. आज तो उघडपणे वाचता येतो, आणि वाचावा असे मी म्हणेन. काही प्रकरणांतील ओंगळपणा सोसूनही.

फेब्रुवारी १८८४मध्ये उत्तर फ्रान्समधील आंझँ येथे खाणकामगारांचा संप सुरू असताना झोला तेथे गेला, वसाहतीत फिरला, खाली उतरला, वह्या भरून परतला. त्याने रचलेल्या मोंसू गावात माहू नावाचे कुटुंब आहे. या घराण्याने एकाच खाणीला एकशे सहा वर्षे दिलेली आहेत. म्हातारा आजोबा खोकतो तेव्हा काळे थुंकतो. कित्येक वर्षे खाली न उतरताही त्याच्या छातीत कोळसा शिल्लक आहे. या एका तपशिलात खाणीचा सारा इतिहास आला. पण झोलाचे मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. घरी परतलेला माहू स्वयंपाकघरात लाकडी टबात अंग धुतो, बायको त्याची पाठ घासते, मुले पाळीपाळीने त्याच पाण्यात उतरतात. जुन्याच कॉफीच्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतले जाते. शेजारणी एकमेकींच्या उधारीची चौकशी करतात. म्हणजे संपाच्या आधी त्याने संसार लिहिला. त्यामुळे सैनिकांची गोळी माहूला लागते तेव्हा पडतो तो घोषणा देणारा कामगार नव्हे. ज्याची पाठ घासली जात होती तो नवरा पडतो. आपल्याकडील पुष्कळ कष्टकरी साहित्य याच ठिकाणी चुकते, असे माझे मत आहे. तेथे मोर्चा आधी येतो आणि चूल नंतर.

या कादंबरीत दोन धर्मगुरू आहेत, आणि आपल्या वाचकांनी त्यांची गाठ अवश्य घ्यावी. पहिला जॉयर. मालकही दुखावू नये, मजूरही दुखावू नये, अशा बेताने तो झगा सावरत चिखलातून निघून जातो. त्याच्या जागी आलेला रांव्हिए कृश, डोळ्यांत आग असलेला. तो संपकऱ्यांची बाजू घेतो, श्रीमंतांना दोषी धरतो, आणि गोळीबारानंतर हात उंचावून मारणाऱ्यांवर ईश्वरी कोपाची हाक घालतो. हा दुसरा आपल्याला आवडेल. मलाही प्रथम वाचनात आवडला. पण झोला त्यालाही सोडत नाही. संपाच्या उपासमारीत रांव्हिए माहूच्या अंधाऱ्या घरी येतो, उद्याच्या न्यायाविषयी आवेशाने बोलतो आणि निघून जातो. त्याने बोलण्याऐवजी एक पाव आणला असता तर बरे झाले असते, असे माहू गुरगुरतो. झोला श्रद्धावंत नव्हता आणि हे चित्र पूर्ण न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. तरी कादंबरीनंतर सहाच वर्षांनी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरांच्या वेतनाचा आणि संघटनेच्या हक्काचा प्रश्न हाती घेतला, हे येथे आठवते. दोघांच्या भोवतीचा काळ एकच होता.

‘जर्मिनल’च्या शेवटी खाण बुडते. एका माथेफिरू क्रांतिकारकाने विहिरीचे अस्तर खिळखिळे केलेले असते. पाणी आत घुसते, आणि वरच्या इमारती, यंत्रे, अखेरीस उंच धुराडेही जमिनीत गडप होते. प्रथम वाचताना हे मला लेखकाचे नाटकीपण वाटले होते. धुराडे असे गिळले जाईल काय?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे, आमराई वॉर्डात, एक राहते घर जमिनीत गेले. हादरा जाणवताच घरातील माणसे बाहेर पडली म्हणून वाचली. मागे वळून पाहतात तो घराच्या जागी खड्डा. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आसपासची शंभराहून अधिक कुटुंबे हलवावी लागली. तेव्हा झोलाच्या धुराड्याविषयीचे माझे मत मी मागे घेतले.

असे का होते, ते समजून घेणे साहित्याच्या दृष्टीनेही उपयोगाचे आहे. भूमिगत खाणीत सगळा कोळसा एकदम काढत नाहीत. आडव्या-उभ्या गल्ल्या पाडतात आणि मध्ये कोळशाचेच जाड खांब ठेवतात. छत त्यांवर तोललेले असते. खाण संपत आली की मागे मागे येत ते खांबही काढून घेतात आणि रिकाम्या जागेत वाळू भरतात, किंवा छत मुद्दाम पडू देतात. जेथे यातले काहीच नीट झाले नाही तेथे पोकळी तशीच राहते. खांब झिजतात, पाणी शिरते. वर दरम्यान गाव वसते, घरे होतात, लग्ने होतात. खाण विसरली जाते. मग एका संध्याकाळी ती स्वतःची आठवण करून देते.

आपण वसईकर उद्ध्वस्त शहराच्या सावलीतच वाढलो. किल्ल्यातील चर्चेस छप्पर नाही, पण भिंती आहेत, कमानी आहेत, थडग्यांवरील अक्षरे आहेत. १७३९ साली काय संपले ते तेथे उभे राहून कळते. त्या भिंतींनी कवींना विषय दिले. खाणीचे गाव मागे असे काही ठेवत नाही. जे होते ते काढून नेलेले असते. तेथे स्मरणाला टेकण्यासाठी दगड नसल्याने लिखित शब्दाची गरज अधिक, आणि नेमका तोच नाही.

पण शब्द असला म्हणजे झाले, असेही नाही. इंग्रजी वाचकांची सर्वांत लाडकी खाणकादंबरी म्हणजे रिचर्ड लुएलिन याची १९३९ची ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’. वेल्समधील एक म्हातारा आपले बालपण आठवतो: प्रेमळ, कडक बाप, खंबीर आई, चॅपेलमधील गाणी, आणि खाणीतून निघालेल्या दगडमातीचा ढीग, जो दरवर्षी खाली सरकत घरापर्यंत येऊन ठेपला आहे. भाषा मधाळ आहे. १९४१ साली जॉन फोर्डने तिच्यावर चित्रपट काढला. युद्धामुळे वेल्सला जाता येईना, म्हणून सारी दरी कॅलिफोर्नियात उभारली गेली. स्वतः वेल्समध्ये जन्मल्याचे लुएलिन सांगत असे. प्रत्यक्षात त्याचा जन्म लंडनचा, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. मला यात फसवणूक तितकीशी दिसत नाही जितकी एक लेखनाची अडचण दिसते. हरवलेले गाव गोड करून सांगण्याचा मोह ज्याला तेथून दूर राहावे लागले त्याला अधिक होतो. कादंबरीतील दरी पूर्वी इतकी हिरवी होती की ती काळी कोणी केली, हा प्रश्न वाचक डोळे पुसता पुसता विसरतो.

आणि तरीही त्या ढिगाचे काय? २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील आबरव्हान गावात पावसाने भिजलेला खाणीचा ढीग घसरून शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे त्याखाली गेली. कादंबरीत घर गिळणारा ढीग सत्तावीस वर्षे आधी छापून आलेला होता. लाखोंनी तो वाचला आणि सुंदर म्हटला. चंद्रपूर, भद्रावती, राजुरा या पट्ट्यात खुल्या खाणींचे मातीचे ढिगारे आज टेकड्यांसारखे उभे आहेत आणि परगावचा प्रवासी त्यांना डोंगरच समजतो. त्यांच्याविषयी मराठीत कोणी लिहिले तर ते सुंदर असण्यापूर्वी नेमके असावे, एवढीच अपेक्षा आहे.

मराठीला हे जमणारच नाही असे मानण्याचे कारण नाही. गिरणगाव मराठीने लिहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बुडाल्या आणि १९९७ साली जयंत पवार यांचे ‘अधांतर’ रंगमंचावर आले. एका खोलीत एक आई, तिची मुले, आणि बाहेर संपत चाललेले गिरणगाव. पवार त्या वस्तीतले होते. त्यांनी गिरणीचा भोंगा ऐकलेला होता, त्यामुळे त्यांना गिरणी मंचावर आणावी लागली नाही. तिची अनुपस्थिती पुरली. चांद्याकडे हे होण्यासारखी जागा तर तयार आहे. झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर रात्र-रात्र जागते; वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांना जो प्रेक्षक मिळतो तो मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांना स्वप्नात मिळत नाही. आपले नागर समीक्षक त्या नाटकांना भडक म्हणून हातावेगळे करतात. मी स्वतः ही चूक बरीच वर्षे केली.

लेखकाला सामग्री कोठून मिळेल, असेही विचारले जाते. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, स्थापनेला १९७५पासून पन्नास वर्षे होऊन गेली. १९७३च्या राष्ट्रीयीकरणाआधी खासगी मालकाच्या हाताखाली काम केलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. त्यांच्याजवळ बसावे. दुसरी जागा आपल्याला अधिक ओळखीची. चांदा धर्मप्रांताचे कॅथेड्रल बल्लारपुरात, कोळशाच्याच गावात, आहे. अशा गावांतील धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी होतात. बापाचे नाव, मूळ गाव, तारीख. कादंबरीकाराला कुटुंबाचा सांगाडा यातून मिळतो. वसईच्या आपल्या वाड्यांचा इतिहास अशाच वह्यांतून बाहेर आलेला आपण पाहिला आहे.

हा विषय जुना झाला असे कोणी समजू नये. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आता पोलादाचे केंद्र म्हणून सांगितला जातो. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांवर लोहखनिज निघते. माडिया लोकांचा ठाकूरदेव त्याच डोंगरावर आहे आणि त्याची जत्रा भरते. डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी तेथे खनिज वाहणारी कित्येक वाहने जाळली. २०२१नंतर काम पुन्हा वेगाने सुरू झाले. चामोर्शीजवळ कोनसरीला कारखाना आला. रोजगार आला, धूळ आली, आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर अवजड गाड्या आल्या. एक नवे खाणगाव आपल्या डोळ्यांदेखत जन्मते आहे. वरोऱ्यास १८७१ साली जे घडले त्याची ही पुढली आवृत्ती, यावेळी वाचता-लिहिता येणाऱ्या माणसांच्या देखत. तेथील आश्रमशाळांत शिकलेली मुले आज माडिया आणि मराठी दोन्ही भाषांत बोलतात. यांपैकी कोणी सकाळी चहाच्या टपरीवर रांगेतल्या चालकांचे बोलणे टिपून ठेवत असेल, तर पहिले प्रकरण सुरू झालेले आहे.

आणि सुरजागडचे ते खनिज डोंगर उतरून जेथे जेथे जाते, त्या ठिकाणांत घुग्घुसही आहे.